खुर्चीकाकांची खिडकी

खुर्चीकाकांचं बोलणं नीट समजून घ्यायचं तर त्यांच्या तोंडातला वेत आधी काढावा लागे. खुर्चीची बैठक विणताना एक हात वर, एक खाली, असे दोन्ही अडकलेले असतात, आणि ओल्या पट्टीचं उरलेलं टोक मोकळं सोडलं तर ते पीळ खातं. म्हणून काका ते टोक दातांत धरत. आयुष्यभर त्यांनी जेवढा वेत विणला तेवढाच चघळलाही असेल, असं त्यांची सून म्हणे. गिऱ्हाईक दारात उभं राहून "काका, खुर्ची कधी मिळेल?" असं विचारी, काका दातांतल्या दातांत काहीतरी पुटपुटत, आणि गिऱ्हाईक समाधानाने निघून जाई. काय ठरलं ते दोघांनाही माहीत नसे, त्यामुळे भांडण होत नसे.

बायको गेल्यावर काका मुलाकडेच राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत उजेडाची एक मोठी खिडकी होती आणि तिच्याखाली काकांचं दुकान, म्हणजे एक बुटकं स्टूल, वेत भिजवायची पत्र्याची घंगाळी आणि बैठक फाटलेल्या दोन-चार खुर्च्या. खिडकी जुन्या पद्धतीची होती. तिची खालची चौकट हाताने वर ढकलायची. तिला रंगही इतक्यांदा दिलेला, की कडेला टवका उडाला होता तिथे वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली नासलेल्या दुधासारखा पिवळट असे थर दिसत. प्रत्येक नव्या भाडेकरूने आधीच्याच्या आवडीवर पांघरूण घातलेलं. एवढ्या थरांमुळे चौकट खाचेत घट्ट बसायची. ढकलली की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळायची, आणि वर गेली तरी तिथे टिकायची नाही. काकांनी तिला टेकू द्यायला जाड वेताचा एक दांडका कापून ठेवला होता.

खिडकीचं आणि काकांचं नातं सिगारेटमुळे जुळलं. नात जन्मली आणि दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी सून म्हणाली, "बाबा, आता घरात नको हं." काका लगेच कबूल झाले. शब्दाला जागणारा माणूस. तेव्हापासून तल्लफ आली की उठायचं, चौकटीला खांदा द्यायचा, टेकू लावायचा, डोकं नि छाती खिडकीबाहेर काढून ओढायची, आणि संपली की धूर परत आत शिरू नये म्हणून चौकट खाली ओढून घ्यायची. पाऊस असो, थंडी असो, नियम मोडला नाही. समोरच्या इमारतीतली शिंपीणबाई म्हणायची, "आमच्याकडे घड्याळ नसलं तरी चालतं. काका खिडकीतून बाहेर येतात नि आत जातात."

"माझा धूर घरात राहत नाही," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांना त्याचा अभिमान होता.

नातीचं नाव काहीतरी छान ठेवलेलं होतं, पण काका तिला खारूताई म्हणत आणि मग घरात सगळेच म्हणू लागले. कारण ती दिसेल ते कुरतडायची. चादरीचं टोक, चपलेचा पट्टा, आई काम करायची त्या चष्म्याच्या दुकानातून आलेली पुठ्ठ्याची खोकी. तिचं आवडतं काम म्हणजे आजोबांची नक्कल. खिडकीच्या फळीवर काका भिजलेल्या पट्ट्या निथळायला टाकत. त्यातली एक ती ओढून घ्यायची, स्टुलापाशी मांडी घालून बसायची, पट्टीचं टोक दातांत धरायची आणि फाटक्या खुर्चीच्या भोकांत बोटं घालून हवेतच विणायची. मध्येच आजोबांसारखीच पुटपुटायची. काका तिला म्हणत, "चांगली कारागीर होशील. गिऱ्हाईकाला काही कळता कामा नये, हे तुला आत्ताच जमतं."

त्या वर्षी खारूताई कुरतडायची पण जेवायची नाही. पोट धरून बसायची. रंग उतरला, चिडचिड वाढली. आधी जंताचं औषध झालं, मग दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. त्यात रक्त कमी निघालं, ते अपेक्षितच होतं. शिसं निघालं, ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

निकाल आला त्या संध्याकाळी सुनेने ताटं वाढली आणि स्वतः मात्र उभीच राहिली.

"शिसं म्हणजे बंदुकीच्या गोळीतलं?" काकांनी विचारलं.

"तेच. डॉक्टर विचारत होते, घरात कुणी बॅटऱ्यांचं काम करतं का, धातू वितळवतं का. मी म्हटलं नाही." तिने भाताचं भांडं खाली ठेवलं. "मग विचारलं, कुणी सिगारेट ओढतं का."

मुलगा डिलिव्हरीची गाडी चालवायचा. रस्त्यावर कुणाशीही दोन हात करणारा माणूस, पण घरात बायको आणि बाप समोरासमोर आले की ताटातला भात मोजल्यासारखा बघत बसायचा. तसाच बसला.

"मी घरात कुठे ओढतो?" काका म्हणाले.

"मग खिडकी काय शेजाऱ्यांच्या घरात आहे?"

"अगं, मी सगळं बाहेर..."

"सिगारेटच्या धुरातही थोडं शिसं असतं म्हणाले. ज्या घरात कुणी ओढतं तिथल्या मुलांच्या रक्तात जरा जास्तच सापडतं. कपड्यांना बसतो धूर, पडद्यांना बसतो. ती सारखी तुमच्या मांडीवर."

"आणखी काय म्हणाले?" मुलाने ताटातून डोकं काढलं.

"दुसरीही कारणं असू शकतात म्हणाले. आरोग्य खात्याच्या एक ताई घर बघायला येतील, आपला नंबर लागला की." पण हे तिने असं सांगितलं, की कारण तर सापडलंच आहे, आता ताई आल्या काय नि न आल्या काय.

काकांनी ताट बाजूला सारलं. नात आत झोपली होती. रक्त काढलं तेव्हा ती रडली नव्हती. तिने ओठ दातांत धरून ठेवला होता, वेत धरतात तसा. मुलाने हे कौतुकाने सांगितलं होतं. काकांच्या डोळ्यांसमोरून तो ओठ हलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. "आक्काकडे जातो थोडे दिवस," म्हणाले. जा असं कुणी म्हणालं नव्हतं. नका जाऊ असंही कुणी म्हणालं नाही.

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत एकटी राहायची. तिने दार उघडलं, पिशवी बघितली आणि बाजूला झाली.

"सुनेने हाकललं?"

"नाही गं. माझा मीच आलो."

"तू लहानपणीही मार खाल्लास की म्हणायचास, माझा मीच पडलो." तिने पाणी दिलं. "ऐक. माझ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. डोकं बाहेर निघणार नाही. पाहिजे तर प्रयत्न करून बघ, मीही बघते."

काकांनी प्रयत्न केला नाही. सिगारेटचं पाकीट आक्काच्या फ्रिजवर ठेवून दिलं. पहिल्यांदा तल्लफ आली तेव्हा ते जिना उतरून रस्त्यावर गेले, पेटवली, आणि तो ओठ आठवला. अर्धी टाकून वर आले. पुढे पुढे गुडघेच जिन्याला नाही म्हणायला लागले. रात्री घाम फुटायचा, दिवसा आक्काशी खटके उडायचे. आक्का म्हणायची, "चिडकं माणूस परवडलं, धुरकट नको." विणायला खुर्ची नव्हती, चघळायला वेत नव्हता. काका टीव्हीसमोर बसून सोफ्याच्या झालरीला गाठी मारत.

फोनवर खारूताई रोज बोलायची. "आजोबा, तुमचा वेत वाळला होता. मी ओला केला."

"शाबास. फळीवर टाकलास ना निथळायला?"

"हो. आणि विणला पण."

ती हसायची तेव्हा काका फोन कानापासून लांब धरत, आक्कालाही ऐकू यावं म्हणून. पण फोन ठेवला की पुन्हा झालरीच्या गाठी सुरू. आपण बायकोला कधी दुखावलं, मुलाला कधी उगाच मारलं, त्या सगळ्याचा हिशेब कधीतरी मिटतो. हा कसा मिटायचा? लेकरू मांडीवर बसलं होतं आणि आपण त्याला विष पाजत होतो, एवढी एकच गोष्ट ते मनात फिरवत राहायचे. ती खरी आहे की खोटी, ते पुढच्या तपासणीत कळणार होतं. आकडा उतरला तर पोर वाचली आणि आपण गुन्हेगार. काका मनापासून गुन्हेगार व्हायला तयार होते.

तपासणी झाली. सुनेचा फोन भर दुपारी आला, दुकानातूनच.

"बाबा," ती म्हणाली, "वाढलंय."

त्या एका श्वासापुरतं काकांना हलकं वाटलं. म्हणजे मी नव्हतो. आणि पुढच्याच श्वासाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पोरीचं वाढलंय आणि म्हातारा सुटला म्हणून खूश.

"अहो, मी काय काय केलं," सून सांगत होती, आणि तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "पडदे धुतले, गाद्या उन्हात घातल्या, रोज सकाळ-संध्याकाळ घरात वारा खेळवते. आता वासही कुठे उरलेला नाही. मग हे कुठून येतंय? उद्या त्या ताई येणार आहेत. तुम्ही या ना."

काकांनी पिशवी भरली. फ्रिजवरचं पाकीट तिथेच राहिलं. ते पुढे बऱ्याच दिवसांनी आक्काच्याच लक्षात आलं.

आरोग्य खात्याच्या ताई बारीक चणीच्या होत्या, खांद्यावर त्यांच्या निम्म्या आकाराची पिशवी. त्यांनी स्वयंपाकघरातली भांडी बघितली, नळ बघितले, खेळणी उलटी करून बघितली. नात आजोबांच्या मांडीवर बसून ताईंच्या मागोमाग मान फिरवत होती. सून पाठोपाठ चालत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

"इथे जरा कोंडल्यासारखं होतंय," ताई पुढच्या खोलीत येऊन म्हणाल्या.

"उघडते." सून खिडकीकडे गेली.

"थांब, तिला खांदा लागतो," म्हणत काका उठले. नातीला खाली ठेवलं, चौकटीला खांदा दिला. चौकट किंचाळत वर गेली. काकांनी टेकू लावला आणि सवयीने फळीवरून हात फिरवला, वेताच्या पट्ट्या ठेवायच्या आधी नेहमी फिरवायचे तसा.

"काका, हात का फिरवला?" ताईंनी विचारलं.

"थोडी धूळ पडते. झटकली."

"कुठे झटकता?"

काकांनी जरा विचार केला आणि पुन्हा हात फिरवून बघितला. हात आपोआप आतल्या बाजूला आला. स्टुलाच्या बाजूला.

ताईंनी पिशवीतून पांढरं ओलसर फडकं काढून फळीवर पसरलं. "आता खाली ओढा. आणि परत वर."

काकांनी ओढली, ढकलली. फडक्यावर चाळणीतून पीठ पडावं तशी बारीक पूड पडली होती. पांढरी, त्यात मधूनच हिरवी कणी, आणि तळाशी तो पिवळट रंग.

"पूर्वीच्या कितीतरी रंगांत शिसं असायचं," ताई म्हणाल्या. "हा तपासायला नेते, पण असले थर मी पुष्कळ पाहिलेत. रंग एका जागी शांत बसला तर फारसा त्रास देत नाही. घासला की त्याची अशी पूड होते, आणि पूड मुलांच्या हाताला लागते, हात तोंडात जातो."

"पण खिडकीला तोंड कशाला लावेल ती?" सून म्हणाली.

मोठ्यांचं बोलणं लांबलेलं बघून खारूताई आपल्या कामाला लागली होती. फळीच्या टोकाला कालची एक पट्टी पडली होती. ती तिने ओढून घेतली, स्टुलापाशी मांडी घातली आणि टोक दातांत धरलं.

सुनेने पुढे होऊन दोन बोटांनी ती पट्टी तिच्या तोंडातून काढली, फार हळू, दूधपित्या बाळाच्या तोंडातून बाटली काढावी तशी. मग ती तिथेच स्टुलावर बसली.

"मी रोज उघडत होते," ती म्हणाली. "तुमचा वास जावा म्हणून. सकाळी नि संध्याकाळी. म्हणजे मीच तिला..."

"तू दोनदा," काका म्हणाले. "मी दिवसातून किती वेळा, ते शिंपीणबाईला विचार. तिने माझ्यावर घड्याळ लावलंय."

सुनेला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम बाहेर पडताना तिचा चष्मा ओला झाला. दुसऱ्यांचे चष्मे दिवसभर पुसणाऱ्या बाईने स्वतःचा पदरालाच पुसला.

काकांनी जरा धीर केला. "मग ताई, माझ्या धुराचं काही नव्हतं म्हणायचं?"

"असं मी कुठे म्हटलं?" ताई फडक्याची घडी घालत होत्या. "धूर नकोच, काका. तिच्या छातीलाही नको, रक्तालाही नको. पण आकडा इतका चढवायला तुमची सिगारेट पुरली नसती. खिडकी पुरली." मग काकांच्या दातांकडे बघत म्हणाल्या, "तुमचंही रक्त तपासून घ्या. वेत तुम्हीही चघळता ना?"

तपासलं. थोडं निघालंच. सून म्हणाली, "एवढं चघळून एवढंच? बाबा, तुम्ही लोखंडाचे आहात." बऱ्याच दिवसांनी ती त्यांना असं काहीतरी बोलली होती.

घरमालकाने नेहमीप्रमाणे कुरकुर केली. इतकी वर्षं ती खिडकी कुणाला चावली नाही, म्हणाला. ताईंनी त्याच्याशी काय बोलणं केलं ते कळलं नाही, पण खिडकी बदलायला माणसं आली. रंग कोरडा खरवडायचा नाही, ओला करून, खाली कापड अंथरून काम करायचं, असं ताईंनी बजावलं होतं. तेवढे दिवस पोरीला त्या घरात ठेवायचं नव्हतं. म्हणून आजोबा आणि नात दोघंही आक्काकडे गेली, सोबत वेताची नवी जुडी आणि शिंपीणबाईची फाटकी खुर्ची. घंगाळी, टेकू आणि फळीवरच्या सगळ्या पट्ट्या सुनेने फेकून दिल्या होत्या.

आक्काने दार उघडलं. "आता दोघांनाही हाकललं वाटतं."

"आमचे आम्हीच आलो," खारूताई म्हणाली.

तिथे दिवस बरे गेले. लोहाचं औषध, दूध, पालेभाजी, आणि जेवायच्या आधी, खेळून आल्यावर, झोपायच्या आधी हात धुणं. आक्का हवालदारासारखी बेसिनजवळ उभी राहायची. अडलं ते काकांचं काम. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरगी तुमचं बघून शिकते, तर तोंडात काही धरायचं नाही. इतकं सोपं वाक्य. पण दात नाहीत म्हटल्यावर काकांच्या बोटांना आपण कोण तेच आठवेना. पट्टी पीळ खायची, वीण सैल पडायची, विणलेलं उसवायचं. शेवटी आक्काने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणून खुर्चीच्या कडेला लावला आणि पट्टीचं टोक त्यात अडकवलं. "हे घे तुझे दात," म्हणाली. "खाली पडले तर धुता येतात."

पुढच्या तपासणीचा निकाल आला त्या संध्याकाळी सुनेने फोन केला नाही. दुकान बंद करून ती थेट आक्काकडे आली. जिना चढून तिला दम लागला होता. काका दारात उभे. तिचा चेहरा बघून त्यांना काहीच समजेना, आणि विचारायचा धीर होईना.

"सांगते, जरा बसू दे," म्हणत ती समोरच्या खुर्चीत बसली. ती शिंपीणबाईची खुर्ची होती आणि बैठक निम्मीच विणलेली होती. सून चौकटीतून खाली गेली ती गुडघे हनुवटीला टेकून अडकली.

"उतरलं," ती तिथूनच म्हणाली.

"दिसतंय," आक्का म्हणाली.

"अहो, शिसं उतरलं. बरंच. डॉक्टर म्हणाले, हळूहळू आणखी उतरेल, मधून मधून तपासत राहायचं. पण वाट बरोबर धरली आहे म्हणाले."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं होतं आपण रडू. पण सुनेचा एक हात ते ओढत होते, दुसरा आक्का ओढत होती, सून हसून हसून अंग सैल सोडत होती त्यामुळे ती निघतच नव्हती, आणि खारूताई खुर्चीखाली शिरून आईला वर ढकलत होती. रडायला कुणाला सवडच झाली नाही. बैठक मात्र पुन्हा पहिल्यापासून विणावी लागली.

"बाबा," बाहेर निघाल्यावर सून पदर सारखा करत म्हणाली, "घरी चला."

"येतो."

"त्या दिवशी मी जे बोलले..."

"निम्मं खरं होतं," काका म्हणाले. "निम्म्यासाठी मी सोडलीच आहे. फ्रिजवर पाकीट आहे, आक्काला विचार."

"त्यात मी सुया ठेवते," आक्का म्हणाली.

आता त्या खोलीत नवी खिडकी आहे. बाजूला सरकते, एका बोटाने, आवाज नाही की किंचाळणं नाही. पहिल्यांदा काकांनी तिला खांदा दिला आणि तोल जाता जाता वाचले. कधी कधी ते तिच्यापाशी उगाच उभे राहतात. समोरून शिंपीणबाई हाक मारते, "काका, हल्ली बाहेर येत नाही. आमची वेळ चुकते." काका हात हलवतात.

खारूताई जेवते. कुरतडतेही, पण आता गाजर, आणि तेही धुतलेलं. तिचं स्टूल आजोबांच्या शेजारी असतं आणि चिमट्यांची टोपली तिच्या ताब्यात. काम रंगात आलं की काकांचा हात पट्टीचं टोक घेऊन आपसूक तोंडाकडे जातो. ती खालून चिमटा पुढे करते.

"आजोबा, तोंड."

काका निमूटपणे टोक चिमट्यात देतात.

गिऱ्हाइकं मात्र नाराज आहेत. परवा एकाने दारात उभं राहून विचारलं, खुर्ची कधी मिळेल. काकांनी मोकळ्या तोंडाने, स्वच्छ सांगितलं, "पुढच्या महिन्याआधी नाही." तो जिन्याकडे वळला. मग म्हणाला, "काका, तुम्ही पूर्वी बरं बोलायचात."